पिवळीचा सुस्कारा

उल्हास करंदीकरने सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमधलं पुस्तकांचं कपाट स्वतः जोडलं आणि ते पडलं नाही, इथून सगळ्याला सुरुवात झाली. कपाट उभं राहिल्यावर चार स्क्रू उरले होते, ते त्याने गुपचूप खिशात घातले. एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता. उल्हासने त्याच आठवड्यात इंग्लंडहून मोटार मागवली.

म्हणजे अख्खी मोटार नव्हे, मोटारीचे तुकडे. याला किट कार म्हणतात. कंपनी आपल्याला खोक्यांतून चाकं, सांगाडा, इंजिन, वायरींची भेंडोळी आणि एक जाडजूड पुस्तक पाठवते, आणि गाडी आपली आपण जोडायची. (ज्यांना तयार गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी हा प्रकार नाही. ज्यांना सुट्टीचा दिवस सुखाने घालवता येत नाही त्यांच्यासाठी आहे.) त्यातून सिंगापुरात असली घरी जुळवलेली गाडी रस्त्यावर आणायचं नाव काढायची सोय नाही. हे उल्हासला पक्कं ठाऊक होतं, कारण तो बँकेत रिस्क डिपार्टमेंटमध्ये होता. कोणी काही करायला निघालं की त्यात काय काय धोके आहेत ते दाखवून त्याला थांबवायचं, यासाठी त्याला पगार मिळे. इतकी वर्षं लोकांना थांबवून थांबवून तो विटला होता. आपल्या हातून एक तरी चालणारी वस्तू व्हावी असं त्याला मनापासून वाटे. हे तो कोणाला सांगत नसे, कारण या वयात ते बरं दिसत नाही.

"ठेवणार कुठे?" त्याच्या बायकोने, सुलेखाने विचारलं. सुलेखा ऑडिटर आहे. तिचे प्रश्न छोटे असतात.

जागा प्रतापने दिली. प्रताप उल्हासचा मित्र, मूळचा कोल्हापूरचा. वुडलँड्सला त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे आणि गोडाऊनपुढे मोकळं, चांगलं ऐसपैस आवार आहे. तिथल्या एका कोपऱ्यात दर शनिवारी उल्हास गाडी जोडू लागला. वर्षभराने ती खरोखर गाडीसारखी दिसायला लागली. दोन माणसांपुरती, उघडी, पिवळीधमक, म्हणून नाव पिवळी. मुलीने, इराने, एकदा येऊन ती पाहिली आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, क्यूट लाह. बट कॅन मूव्ह ऑर नॉट?"

हाच खरा प्रश्न होता.

त्याच सुमारास उल्हासच्या सासूबाई, संजीवनीबाई, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. घरात गाडी आली आहे आणि तिची पूजा झालेली नाही हे कळल्यावर त्यांना जेवण जाईना. पुढच्याच शनिवारी त्या हळद, कुंकू, अक्षता आणि नारळ घेऊन वुडलँड्सला हजर झाल्या.

"आई, पूजेचा आणि इंजिनाचा काही संबंध नसतो," उल्हास समजुतीच्या सुरात म्हणाला.

"नसू दे ना. तुमचं इंजिन तुमच्यापाशी, माझं कुंकू माझ्यापाशी," म्हणून त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि स्वस्तिक कुठे काढावं याचा विचार केला. बॉनेट तापतं, तिथे टिकणार नाही. काचेवर काढलं तर जावयाला रस्ता दिसणार नाही. शेवटी त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण निवडलं. "गाडीचं तोंड हेच. इथूनच ती खाते-पिते," असं म्हणून त्यांनी झाकणावर ओल्या कुंकवाचं चांगलं जाडजूड स्वस्तिक काढलं आणि वर अक्षता दाबून बसवल्या.

गाडी सुरू झाली. उल्हासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आवाराला एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि तिसरीत गोडाऊनच्या मागच्या नळापाशी गाडी आचके देत बंद पडली.

उल्हासने पुस्तक उघडलं. त्यात शेवटी 'गाडी बंद पडल्यास' असं एक प्रकरण होतं आणि ते बाकीच्या पुस्तकापेक्षा मोठं होतं. त्याने प्लग काढून पुसले. वायरी हलवून पाहिल्या. काहीच सापडेना तेव्हा, पेट्रोल तर संपलं नाही ना, म्हणून टाकीचं झाकण उघडलं. 'हुश्श' असा आवाज झाला. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू.

"प्लगच होता," उल्हास म्हणाला.

"सुस्कारा टाकला हो तिने," संजीवनीबाई म्हणाल्या. "दमलीय पोर."

"आई, गाड्या सुस्कारे टाकत नाहीत."

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा तिसऱ्या चकरेत बंद पडली. उल्हासने नवे प्लग घातले, शेवटी पेट्रोल पाहिलं, गाडीने सुस्कारा टाकला आणि निमूट चालू लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी पेट्रोलचा पंप बदलला. मग कॉइल. मग कार्बुरेटर. दर वेळी नवा भाग बसवायचा, पेट्रोल पाहायचं, गाडी सुरू व्हायची, आणि उल्हास विजयी मुद्रेने घरी जायचा. आठवडाभर तो ऑफिसात लोकांना नेहमीपेक्षा कमी थांबवी. शनिवार आला की पिवळी तिसऱ्या चकरेत मान टाकायची.

संजीवनीबाईंचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते पूजा कमी पडत होती. म्हणून त्या दर शनिवारी झाकणावर कुंकवाचा नवा थर चढवत. उल्हास ऑइलच्या फडक्याने तो घासून पुसून काढी.

"पुसू नका हो सारखं," त्या कळवळून म्हणत. "गाडी रागावते."

"ब्रेकचं काय झालं?" एकदा सुलेखाने विचारलं. ब्रेकच्या नळ्यांत तेल भरल्यावर त्यातली हवा काढावी लागते, नाही तर पेडल नुसतं खाली जातं आणि ब्रेक लागत नाही, असं पुस्तकात जाड अक्षरात छापलं होतं. हँडब्रेकची तार तर अजून पाकिटातच होती.

"अगं, आधी चालू तर दे नीट. मग थांबवायचं बघू," रिस्क डिपार्टमेंटचा मॅनेजर म्हणाला.

दसरा जवळ आला तशी प्रतापने डोकं खाजवत बातमी सांगितली. "दोस्ता, दिवाळीचा माल यायलाय. दसऱ्यानंतर कोपरा मोकळा करून दे की."

त्या दिवशी घरी येताना एमआरटी मेट्रोत सुलेखाने निकाल दिला. "उल्हास, दसऱ्याला मला शेजारी बसव आणि पाच चकरा मार. मारल्यास, तर तिला ठेवायला दुसरी जागा मी स्वतः शोधीन. नाही जमलं, तर पिवळी परत खोक्यात, आणि पुन्हा विषय नाही."

उल्हास हो म्हणाला. वुडलँड्स ते हौगांग हा प्रवास तसा लांबचा नाही, पण त्या दिवशी तो फार लांबला.

दसऱ्याच्या सकाळी सुलेखाने बासुंदीला दूध आटत ठेवलं आणि उल्हासच्या हातात कंडेन्स्ड मिल्कचा डबा दिला. "एवढा फोडून दे." उल्हासने डब्याला स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडलं आणि डबा पातेल्यावर उपडा धरला. दुधाची धार आली, बारीक झाली आणि थांबली. त्याने डबा हलवला, ठोकला, कानाशी धरून ऐकला.

"डबा खराब आहे," तो म्हणाला.

सुलेखाने डबा घेतला, दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं आणि दूध धो धो वाहायला लागलं. लग्नाच्या बारा वर्षांत तिने या विषयावर बोलणं सोडून दिलं होतं.

दुपारी प्रतापच्या आवारात मराठी मंडळाची बरीच माणसं जमली. आपट्याच्या जागी कांचनाची पानं होती, तीही झाडाखाली पडलेली वेचून आणलेली (तोडली तर दंड). "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," असं सगळे एकमेकांना सांगत होते आणि पिवळीकडे बघून उल्हासला जरा जास्तच कळकळीने सांगत होते. झेंडूच्या माळा झाल्या, नारळ फुटला, आणि सणाचा दिवस म्हणून संजीवनीबाईंनी झाकणावर हात न राखता कुंकू लावलं. सुलेखा पैठणी सावरत शेजारी बसली. गाडी सुरू झाली.

पहिली चक्कर. टाळ्या. दुसरी चक्कर. उल्हास ओठांतल्या ओठांत गणपती म्हणत होता, ज्याचा इंजिनाशी काही संबंध नसतो. तिसऱ्या चकरेत नळ आला, आणि पिवळीने दोन आचके देऊन मान टाकली.

कोणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. उल्हास खाली उतरला. आता बदलायला काही उरलंच नव्हतं. सवयीने त्याने टाकीचं झाकण उघडलं.

हुश्श.

सुलेखा सीटवरूनच वळली. "पुन्हा लाव. उघड. पुन्हा लाव." मग ती खाली उतरली. "उल्हास, पेट्रोल बाहेर जातं तेव्हा टाकीत हवा कुठून येते?"

"झाकणाला बारीक भोक असतं ना."

"कुठे आहे?"

उल्हासने झाकणाकडे पाहिलं. झाकणावर लाल रंगाचा, तांदूळ रुतलेला, फडक्याने घासून घासून गुळगुळीत झालेला, सिमेंटसारखा थर होता. सगळ्यांनीच पाहिलं. प्रतापने हळूच आभाळाकडे पाहिलं.

"सकाळचा डबा," सुलेखा एवढंच म्हणाली. तिने पदराची सेफ्टी पिन काढली, झाकणाच्या मधोमध खुपसली, दोनदा फिरवली, आणि फुंकर मारली. कुंकवाची खपली उडाली.

"पूजेचा संबंध नसतो, नाही का?" संजीवनीबाई शांतपणे म्हणाल्या. उल्हासने झाकण लावलं, सुलेखा पुन्हा शेजारी बसली.

गाडी सुरू झाली. तिसरी चक्कर झाली. नळ मागे गेला. चौथी झाली. पाचवी झाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सुलेखाने आपणहून उल्हासच्या हातावर हात ठेवला. त्याला एकदम भरून आलं. आपल्या हातची वस्तू चालत होती, नुसती चालत नव्हती, पळत होती. सहावी झाली. सातवीला लोकांनी शिट्ट्या मारल्या. आठवीला सुलेखा म्हणाली, "पुरे आता. बासुंदी वाढायचीय. थांबव."

"थांबवतो," उल्हास म्हणाला आणि त्याने ब्रेकवर पाय दिला. पेडल लोण्यात बोट जावं तसं तळाला जाऊन टेकलं. गाडी तशीच पळत राहिली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इतक्या शनिवारांत आपण ब्रेक एकदाही दाबलेला नाही. तशी वेळच आली नव्हती. पिवळी दर वेळी आपली आपण थांबत असे.

नववी चक्कर झाली. लोक फोनवर व्हिडिओ काढत होते. इरा ओरडली, "बाबा, नाइस लाह! वन मोर!"

"सुलेखा," उल्हास समोर बघत खालच्या आवाजात म्हणाला, "थांबत नाहीये."

सुलेखाने त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पिवळी तशीच घरंगळत, पाहुण्यांच्या मधून वाट काढत, प्रतापने दिवाळीसाठी रचून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात हळुवारपणे शिरली. खोकी एकेक करून उल्हासच्या डोक्यावर पडली. शेवटचं चांगलंच मोठं होतं. ते त्याच्या खांद्यांपर्यंत आलं.

खोक्याच्या आत अंधार होता. मग चपलांचा आवाज जवळ आला. कोणीतरी पूजेचं तबक बॉनेटवर ठेवलं.

"तरी मी सांगत होते, सारखं पुसू नका म्हणून," संजीवनीबाई खोक्याला उद्देशून म्हणाल्या. "कुंकू होतं तोवर कशी गुणाची, वेळेवर थांबत होती."