ह्ये तवा कुठं व्हतं?

टीव्हीवर राजा धारातीर्थी पडत होता. नगारे थांबले होते, राणीनं डोळे मिटून घेतले होते, आणि माझी बायको मंगल अर्धा सोललेला लसूण हातात धरून बसली होती. तेवढ्यात आमच्या सोफ्यावरून हमीदचाचा ओरडले, "गाजरगवत!"

राजा गाजरगवतात पडला होता हे खरंच होतं. पांढरी फुलं थेट मुकुटाला लागत होती.

"ह्ये तवा कुठं व्हतं?" चाचांनी उठून पडद्यावर बोट ठेवलं. "ह्ये परदेशातल्या गव्हासंगं आलंय. माज्या अब्बाच्या वक्ताला. ह्यो राजा त्याच्या कितीतरी आदी मेला की, सुधाकर!"

मी मान हलवली. राजा गेला तो गेला, आमच्या घरात त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

हमीदचाचा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. परंड्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, ते आता पुतण्या बघतो. गावाबाहेर चांगलं रानही आहे. सत्तरी ओलांडलेला उंच, काटक माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि कानानं जरा कमी. त्यामुळे चाचा कुजबुजले की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं.

सिनेमात काय खोटं आहे, ते त्यांना आधी दिसतं. खरं दिसतं की नाही, याची मला पुष्कळ वर्षं शंका होती. शिवकाळातले मावळे वेड्या बाभळीमागं लपले की हे हसणार. संतांच्या आईनं चुलीवर मिरच्या भाजल्या की हे म्हणणार, "मिरची समुद्रापल्याडची हाय. ह्ये तवा कुठं व्हतं?" त्यावर माझी आई चिडून म्हणाली होती, "मग संतांनी काय ठेचाबी खाऊ नाही का?" चाचांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "खावा की. पन थोडं थांबून जलमायचं."

एकदा मी त्यांना बार्शीला थिएटरात नेलं. पडद्यावर बासरी वाजत होती, गाई परत येत होत्या. त्यांतली एक जर्सी निघाली. चाचा उभे राहिले, मागच्यांनी बसा बसा केलं, चाचांनी मागं वळून सगळ्यांना जर्सीची खूण समजावून सांगितली, आणि मध्यंतराच्या आधीच आम्ही दोघं बाहेर उसाचा रस पीत होतो. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेटसुद्धा यांनी सोडली नाही. "हळद लागायच्या आदीच नवरीचे हात पिवळे!" फोटोग्राफरनं पुढचं मागं जोडलं होतं. मेव्हणा अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

तेव्हा चाचांना सिनेमाला न्यायचं नाही, असं आमच्या घरात ठरून गेलं. हा नियम मोडला आमच्या मुलीनं.

अनुजा पुण्यात सिनेमाच्या कला विभागात काम करते. तिचा पहिलाच सिनेमा निजामाच्या अमलातल्या एका गावाची गोष्ट सांगणारा होता, आणि त्याचं बरंचसं चित्रीकरण आमच्याच तालुक्यात झालं. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू त्या काळातली आहे ना, हे बघणं तिचं काम. सिनेमा पुरा झाल्यावर, गावानं मदत केली म्हणून, दिग्दर्शकानं परंड्याच्या मंगल कार्यालयात दुपारी खास खेळ ठेवला. निर्माताही येणार होता. पुढच्या मोठ्या सिनेमात अनुजाला घ्यायचं की नाही, हे या खेळानंतर तो सांगणार होता. दिग्दर्शकानं तिला तसं स्पष्ट बजावलं होतं.

आणि या पोरीनं चाचांना आमंत्रण दिलं!

"अगं, तुझं कामच चुका न होऊ देण्याचं, आणि तू त्यांना बोलावतेस?" मंगल म्हणाली. "त्यापेक्षा पडद्याला काडी लाव."

"लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून किल्ला बघितलाय मी. त्यांना वगळून कसं दाखवू?" अनुजा म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच पुटपुटली, "बाबा, तुम्ही त्यांच्याशेजारी बसा. शेताच्या दृश्यात लक्ष ठेवा. सोयाबीन आहे."

पावसाळ्यात चित्रीकरण झालं, आणि पावसाळ्यात आमच्याकडं नजर जाईल तिथं सोयाबीनच. निजामाच्या काळी इथं त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. शोधूनही दुसरं रान मिळालं नाही म्हणून सिनेमावाल्यांनी तिथंच कॅमेरा लावला होता. वर कहर म्हणजे त्या रानातलं बियाणं चाचांच्याच दुकानातून गेलेलं.

चाचा इस्त्रीची शेरवानी घालून, अत्तर लावून हजर झाले. दारातच मी त्यांचा हात धरला.

"चाचा, आज तोंडातून एक शब्द काढायचा नाही. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"अल्ला कसम, न्हाय बोलनार. म्या काय येडा हाय व्हय?"

आम्ही मागच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या हेरून ठेवल्या होत्या. पण दिग्दर्शक भला माणूस. म्हातारा माणूस दिसल्यावर त्यानं चाचांना आदरानं थेट पहिल्या रांगेत, वधूवरांच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. त्यांच्या डाव्या हाताला निर्मात्याची बायको, पलीकडे खुद्द निर्माता. उजव्या हाताला मी अंग चोरून बसलो. बाई करारी दिसत होत्या. मंगलनं मागून माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी काही ही बसायची व्यवस्था मीच केली होती.

दिवे गेले. चाचांचा गुडघा हलायला लागला.

पहिल्याच दृश्यात पाटलाच्या ओसरीवर कंदील होता. चाचा पुढं वाकले, निरखून पाहिलं, मागं टेकले. पितळी तांब्या पास झाला. बैलगाडी आली, तिचं चाक पास झालं. दर वस्तूला मी श्वास धरत होतो आणि सोडत होतो. पडद्यावर काय कथा चालली होती, मला काही कळत नव्हतं. बाजूच्या भिंतीला टेकून उभी असलेली अनुजाही पडद्याकडं नव्हे, चाचांकडंच बघत होती.

मग शेत आलं. नायक आणि त्याची नवी बायको गुडघाभर हिरव्या सोयाबीनमधून हसत चालत निघाली. ती थांबेचनात. चाचांनी सोफ्याचा हात घट्ट आवळला. त्यांच्या घशातून चहाच्या किटलीसारखा आवाज यायला लागला. मी त्यांच्या मांडीवर हात दाबून ठेवला. चाचांनी खिशातला रुमाल काढला आणि सरळ तोंडात कोंबला.

शेत संपलं. रुमाल बाहेर आला. जिंकलो, असं मला वाटलं.

गोष्टीतल्या बायकोला पुढं ताप भरला. वैद्य झाला, हकीम झाला, आणि एका सकाळी ती गेली. नवरा तिच्या उशाशी बसून राहिला. दृश्य लांबलचक होतं, कॅमेरा हलत नव्हता. हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. आणि ज्यांची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती, त्या करारी बाई तोंडावर पदर धरून अक्षरशः हमसून रडायला लागल्या.

चाचांनी डावीकडं पाहिलं. ते कावरेबावरे झाले. मी त्यांची बाही ओढली, पण त्यांना ती कळलीच नाही. ते बाईंकडं झुकले आणि कुजबुजले. ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"रडू नको, जुबेदा. त्ये बघ, पोट हालतंय तिचं. श्वास चाललाय. जिती हाय ती."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. निर्मात्यानं झटकन मान वळवली. भिंतीपाशी अनुजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपलं, मी मनात म्हटलं, पोरीचं आज संपलं.

जुबेदाचाची म्हणजे चाचांची बायको. मागच्या वर्षी ती गेली. ती असताना रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आम्हाला तिचं मुसमुसणं ऐकू यायचं, आणि पाठोपाठ चाचांचा आवाज, "खोटं हाय सगळं. त्ये बघ, त्याच्या हातात घड्याळ!" आम्हाला वाटायचं, हा माणूस बिचारीला एक सिनेमा सुखानं बघू देत नाही. मंगलनं त्यावरून एकदा त्यांना चांगलं झापलंही होतं. त्या सोफ्यावर बसल्या बसल्या मला सगळा उलगडा झाला. चाचीला रडं फार लवकर यायचं, आणि यांना ते बघवायचं नाही. तिचं रडणं थांबावं म्हणून हा माणूस जन्मभर पडद्यावर काहीतरी खोटं शोधत बसला होता. मी चाचांची बाही सोडून दिली.

बाईंनी पदर बाजूला केला. आधी चाचांकडं पाहिलं, मग पडद्याकडं.

"हो की," त्या नाक पुसत म्हणाल्या. "हलतंय खरंच."

आता कुठं चाचांच्या लक्षात आलं की शेजारी कोण बसलंय. त्यांनी अंग आखडून घेतलं. "माफी करा, बाईसाब. चुकलं माजं."

"चुकलं कसलं? बरं झालं सांगितलंत. मला पुढचं बघवलं नसतं." त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो परत पडद्याकडं वळला.

दिवे लागले तेव्हा निर्माता उठला आणि सरळ अनुजाकडं गेला. मी जीव मुठीत धरून उभा. "सोमवारी ऑफिसला ये," तो म्हणाला. "पुढच्या कामाचं बोलू. आणि मेलेल्या माणसाचा श्वास दिसत नाही ना, हेही आता तूच बघ." मग तो हसला. मंगल खुर्चीत मटकन बसली. सोयाबीनचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

परतताना उन्हं कलली होती. चाचा मधे, मी आणि अनुजा दोन बाजूंना.

"चाचा, खरं सांगा," अनुजानं विचारलं, "किती चुका दिसल्या?"

"एक बी न्हाय. लई बेस केलंस, पोरी."

"आणि सोयाबीन?"

"कुठलं सोयाबीन? तवा म्या डोळे मिटले व्हते."

अनुजा हसत हसत त्यांच्या दंडाला बिलगली. चाचाही हसले. मग त्यांच्या दारापाशी आल्यावर त्यांनी कुलपाला हात लावला आणि तसेच थांबले.

"दवाखान्यात डाक्टर म्हनला, गेल्या," ते कुलपाकडं बघतच बोलले. "म्या त्याचं ऐकलं न्हाय. तिच्या अंगावरल्या चादरीकडं बघत बसलो. लई येळ बघितलं, सुधाकर. न्हाय हाललं."