चार नंबरच्या बुटांचे वर्तमान

जाणत्यांनी बसून ऐकावे आणि घाईत असणारांनी उभ्याने ऐकावे. मोठमोठ्या फौजांच्या, तोफांच्या आणि किल्ल्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ होऊन गेले, परंतु फौज ज्या पायांवर चालते त्या पायांत काय होते, आणि ते मापाचे होते की नव्हते, हे लिहिण्याची तसदी कोणी घेतली नाही. सबब, मोटारींच्या कारखान्यात बायकामंडळींनी बुटांसाठी जी मोहीम मांडिली आणि शेवटास नेली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरते.

तर त्या कारखान्याचा कारभार ऐसा होता की, एका तोंडाने पत्रा आत जाई आणि दुसऱ्या तोंडाने मोटार बाहेर येई, आणि मधल्या लांबलचक मुलखात एक पट्टा अखंड सरकत असे. त्या पट्ट्यावर मोटारीस दारे बसविण्याची जी जागा, ती एका बाईंकडे होती. त्यांस सगळे दारवाल्या बाई म्हणत. अंगाने लहानखुऱ्या, आवाजाने बेताच्या, परंतु दार हाती आले म्हणजे ते बिजागरीवर टेकवून, आणि बोल्ट आवळून, आणि फट बोटाने चाचपून, मग एकवार लावून पाहत, आणि दार ‘धप्प’ ऐसे भरल्या आवाजाने बसले म्हणजे बाईंच्या चित्तास जो संतोष होई, तो मुलूख जिंकणारांसही होत असेल की नाही, सांगवत नाही. दार जरा खडखडले तर पुन्हा उघडीत आणि पुन्हा बसवीत. घरचे कपाटदेखील त्या कान देऊन लावीत, आणि सासूबाई म्हणत, “झालं, हिची ड्यूटी सुरू.”

ऐशा बाईंच्या ठायी वैगुण्य एकच होते, आणि तेही त्यांचे नव्हे, बुटांचे होते. कारखान्याचा हुकूम ऐसा की, पुढून पोलादी टोपी असलेले बूट पायी घातल्यावाचून कोणी आत पाऊल टाकू नये. हुकूम वाजवी होता, कारण तेथे वरून पडणारी वस्तू बहुधा लोखंडाचीच असे. परंतु भांडारात लहानात लहान बूट सात नंबरचे, आणि बाईंचा पाय चार नंबरचा. ते पाऊल त्या बुटात उतरले म्हणजे ओसाड किल्ल्यात एकटा शिपाई हिंडावा तैसा प्रकार होई. मग बाईंनी मोजे चढविले, आणि मोज्यांवर मोजे चढविले, आणि तरीही जागा उरली, तेव्हा सासूबाईंनी जातीने लक्ष घालून जुन्या उशीचा कापूस काढून दिला आणि स्वेटरची उसवलेली बाही कापून दिली, आणि सांगितले, “टाचेकडे भर. पुढे भरलंस तर बोटं दुखतील.” येणेप्रमाणे बूट आतून भरभक्कम करून बाई दररोज कामावर कूच करीत. लाइनवर आणखीही मोजक्या बायका होत्या, आणि सगळ्यांची गत तीच होती.

मग एके दिवशी घात जाहला. बाई दार हाती घेऊन वळल्या, आणि पाय वळला परंतु बूट वळला नाही. बाई गुडघ्यावर आदळल्या. दार मात्र त्यांनी छातीशी ऐसे कवटाळून धरिले होते की त्यास ओरखडाही उठला नाही. पट्टा थांबला. पट्टा थांबणे म्हणजे त्या राज्यात भर दुपारी सूर्य विझण्याजोगे. चहूकडे दिवे लाल जाहले, भोंगे वाजू लागले, आणि लाइनचे सुपरवायझर साहेब धावत आले. हे साहेब मनाचे वाईट नव्हते, परंतु वरून दाब आणि खालून तक्रारी यांच्यामध्ये सापडून त्यांचा जीव नेहमी मेटाकुटीस आलेला असे. त्यांनी प्रथम दाराची विचारपूस केली, आणि मग गुडघ्याची आठवण होऊन गुडघ्याचीही केली, आणि दुसरे दिवशी हुकूम फर्माविला तो ऐसा: बायकांचे पाऊल लाइनवर ठरत नाही, सबब येत्या महिन्यापासून समस्त बायकांनी पॅकिंगच्या खोलीत बसून स्क्रू पिशव्यांत भरावे, तेथे खुर्ची आहे, पंखा आहे आणि पडावयास जागा नाही.

हुकूम ऐकून बाईंचा गुडघा दुखावयाचा राहिला आणि दुसरेच काही दुखू लागले.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारिले, “बसून काम मिळतंय ना? मग तोंड का उतरलंय?”

“पिशवीत स्क्रू टाकला की काही आवाजच येत नाही हो आई,” बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी बाम आणिला आणि सुनेचा गुडघा बराच वेळ चोळीत बसल्या.

मग बाईंनी आधी सलोख्याचा मार्ग धरिला. प्रथम त्या भांडारावर गेल्या. भांडाराचे किल्लेदार म्हणजे स्टोअरवाले काका, लोखंडी जाळीआड बसणारे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. काकांनी निवेदिले की, भांडारात जे आहे ते आहे, जे नाही ते मागविल्यावाचून येत नाही, आणि मागवा ऐसे सुपरवायझर साहेबांनी म्हणावे लागते. बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी निवेदिले की, हे काम कर्मचारी विभागाचे. कर्मचारी विभागात एक मॅडम होत्या, त्यांनी बाईंस खुर्ची दिली, पाणी दिले, आणि निवेदिले की बुटांचा विषय भांडाराचा. येणेप्रमाणे सात नंबरच्या बुटांनी फटाक फटाक करीत बाई जेथून निघाल्या तेथेच येऊन पावल्या, आणि काका जाळीआडून म्हणाले, “आलात परत? मला वाटलंच होतं.”

तेव्हा बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मसलत बसली. ती खोली म्हणजे पत्र्याची कपाटे, एक लांब बाक आणि ज्यात अर्धाच चेहरा दिसे ऐसा आरसा. मसलतीस मोटारीत सीटा बसविणाऱ्या मावशी होत्या, ज्या वयाने सर्वांत वडील आणि बोलण्यात सर्वांत सावकाश; आणि वेल्डिंगवरची ठिणगी होती, जिचे नाव कामावरून पडले की स्वभावावरून, याविषयी दुमत आहे. ठिणगीने मसलत दिली की उद्या सगळ्यांनी चपला घालून यावे. मावशी म्हणाल्या की चपला पाहून गेटवरूनच घरी धाडतील. ठिणगीने दुसरी मसलत दिली, ती लिहिण्याजोगी नाही.

मग दारवाल्या बाई बोलिल्या, “परवा मॉक ड्रिल आहे ना?”

हे मॉक ड्रिल म्हणजे आगीची लटकी तालीम. भोंगा वाजला की समस्तांनी काम टाकून मैदानात हिरव्या पाटीखाली जमावे, आणि शेवटला माणूस येऊन हजेरी पुरी होईतो कोणी जागचे हलू नये. या तालमीत सुपरवायझर साहेबांची लाइन दरवेळी पहिली येई आणि ढाल पटकावी. त्यातील मर्म ऐसे की, भोंगा होताच बायका बूट काढून हातात घेत आणि मोज्यांनिशी धूम ठोकीत, आणि साहेब त्या समयी आकाशाकडे पाहत. वस्तुतः भिंतीभिंतीवर कंपनीचाच हुकूम रंगविला होता: पळू नये, बूट काढू नयेत.

“या वेळी भिंतीवर लिहिलंय ते आपण पाळायचं,” बाई म्हणाल्या. “बाकी काही करायचं नाही.”

मावशींनी विचार केला आणि विचारिले, “आणि साहेब चिडले तर?”

“पॅकिंगला तर बसवणारच आहेत,” बाई म्हणाल्या. “मावशी, खरी आग लागली आणि तिथं खिळे, काचा पडल्या असल्या, तर काय करणार आहोत आपण?”

मग मावशी उठल्या आणि आपल्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधू लागल्या, आणि मसलत कायम जाहली.

तालमीचा दिवस उजाडला. योग ऐसा की त्या दिवशी खासे मोठे साहेब, ज्यांचे दर्शन एरवी केवळ फोटोत होई, ते तालीम पाहावयास मैदानात येऊन उभे होते. जेवणाच्या सुटीच्या तोंडावर भोंगा जाहला. चहूकडून फौजा लोटल्या. रंगकामवाले आले, इंजिनवाले आले, हिशेबवाले आले, कॅन्टीनवाले हात पुसत आले. पाहता पाहता मैदान भरले, आणि हजेरी घेणारांनी पुकारा केला की अवघे पोचले, बायका मात्र नाहीत.

बायका येत होत्या. अग्रभागी दारवाल्या बाई, पाठीमागे बाकीच्या, पिछाडीस मावशी, ऐशी ती फौज बूट ओढीत, ताठ मानेने, रस्त्याच्या डाव्या अंगाने मजल करीत होती. पाऊल बाईंनी वाढविले नाही. खडीचा रस्ता लागला, तेथे मावशींचा एक बूट मागेच राहिला. फौज थांबली. मावशी माघारी गेल्या, बूट घातला, नाडी सोडिली, नाडी बांधिली, आणि मग फौजेने पुनश्च कूच केले. इकडे ऊन मी म्हणत होते, आणि कॅन्टीनच्या खिडक्यांतून जेवणाचा वास मैदानभर पसरला होता, आणि समस्त कारखाना पोट आवळून त्या बुटांकडे टक लावून राहिला होता.

सुपरवायझर साहेबांना राहवेना. ते सामोरे धावत आले आणि दबल्या आवाजात म्हणाले, “अहो, बूट घ्या ना हातात. नेहमीसारखं. मोठे साहेब बघतायत.”

“भिंतीवर लिहिलंय साहेब, काढायचे नाहीत,” बाई म्हणाल्या. “पळायचंही नाही.”

“मग जरा भरभर तरी चाला.”

“हे आमचं भरभरच आहे.”

साहेब काही काळ फौजेच्या बरोबरीने चालले, आणि मग न कळे काय मनात आले, त्यांनी घाम पुसला आणि मावशींस हात दिला.

मोठे साहेब हे सारे दुरून पाहत होते. ते जातीने चालत आले आणि बाईंस पुसते जाहले, “चालायला त्रास होतोय का?”

“होतो.”

“मग आधी सांगायचं नाही का कुणाला?”

“सांगितलं साहेब. सगळ्यांना सांगून झालं. तुमच्यापर्यंत तेवढं पोचायचं राहिलं होतं, ते आज चालत आलो.”

मोठ्या साहेबांनी बूट दाखविण्यास फर्माविले. बाईंनी खडीवर बसून बूट उतरविला. आतून एक मोजा निघाला, आणि दुसरा निघाला, आणि तिसरा निघाला, आणि मग उशीचा कापूस निघाला, आणि अखेरीस स्वेटरची ती बाही लांबच लांब निघाली. मैदानात प्रथम हसू फुटले, आणि मग सरतेशेवटी बाईंचे पाऊल दिसले, टाच सोललेली आणि बोटे दबून पांढरी पडलेली, तेव्हा हसणारे आपोआप गप्प जाहले. बाईंना लाज वाटली आणि त्यांनी पाय आखडून घेतला. मोठे साहेब बूट हाती घेऊन आत डोकावले, जैसे कोणी विहिरीत डोकवावे.

मग विचारणा सुरू जाहली. मोठ्या साहेबांनी कर्मचारी विभागाकडे पाहिले, मॅडमनी सुपरवायझर साहेबांकडे पाहिले, साहेबांनी काकांकडे पाहिले, आणि काकांच्या मागे कोणीच नव्हते, सबब काकांस बोलणे प्राप्त जाहले. “मिळतात की साहेब,” काका म्हणाले. “चार नंबरपासून मिळतात. मागव म्हणाला असतात तर मागवले असते.”

तेथल्या तेथे हुकूम जाहला की चार, पाच आणि सहा नंबरचे बूट विनाविलंब आणवावे. बायका आनंदल्या, परंतु दारवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या, एक पाय बुटात आणि एक अनवाणी, आणि विचारत्या जाहल्या, “आणि पॅकिंगचं काय?”

मोठ्या साहेबांस पॅकिंगचे वर्तमान ठाऊक नव्हते. सुपरवायझर साहेबांनी घसा साफ केला. खोटे बोलावे तर शंभर माणसे ऐकत होती, आणि खरे बोलावे तर तीच ऐकत होती. अखेरीस ते म्हणाले, “मी बदलतो ते. माझंच चुकलं. पाय बघितले मी, बूट बघितले नाहीत.” हे बोलणे मोठ्या मनाचे जाहले, ऐसे बाईंस त्या समयी वाटले आणि पुढेही वाटत राहिले.

इतक्यात गर्दीतून एक भलामोठा हात वर आला. तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या हत्तीचा. हा गडी देहाने अफाट आणि संतापाने त्याहून अफाट, ज्याच्या वाटेस कोणी जात नसे. तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, मला बारा नंबर लागतो. अकरातच कोंबतोय.” समस्तांस त्याच्या स्वभावाचा उलगडा जाहला. काकांनी खिशातून पेन काढिले, आणि मग ज्याचे त्याचे हात वर येऊ लागले, आणि जेवण आणखी लांबले, परंतु कोणी कुरकूर केली नाही.

यथावकाश बूट आले. काकांनी जाळीचे दार उघडून ते स्वहस्ते दिले, आणि हत्तीचे दोहों हातांनी दिले. दारवाल्या बाई नवे चार नंबर पायी घालून दिवसभर लाइनवर उभ्या राहिल्या, आणि तेच घालून घरी आल्या, आणि उंबऱ्याशी बसून नाड्या सोडू लागल्या, तो सासूबाईंच्या नजरेस पडले की सुनेच्या टाचेवर टपोरा फोड आहे.

“चावले ना गं?” सासूबाई म्हणाल्या.

“चावू देत,” बाई म्हणाल्या. “नवीन आहेत. माझ्या मापाचे आहेत.”

येणेप्रमाणे पट्ट्यावरील समस्त बायकांनी, एकही शस्त्र न उगारता, केवळ सावकाश चालून, चार, पाच आणि सहा नंबरचा मुलूख हस्तगत केला, आणि लाइनवरील आपले ठाणे कायम राखिले. त्या साली ढाल दुसऱ्या लाइनीस गेली; तीविषयी सुपरवायझर साहेबांनी खेद केला नाही, निदान बोलून दाखविला नाही. आपल्या पक्षाकडे जखमी एक: टाच, उजवी. ती सासूबाईंनी कोमट पाण्यात ठेविली, आणि बाई पाय तैसाच ठेवून नव्या बुटांकडे पाहत बसल्या. मोहीम फत्ते जाहली, हे नमूद असावे.