डोंगरेकाकांची मूळ ज्योत

ऑलिंपिक सुरू झालं की आमच्या समता कॉलोनीत सगळे टीव्ही लावतात आणि डोंगरेकाका बंद करतात. उद्घाटनाचा सोहळा ते इस्त्रीचा सदरा घालून अथपासून इतिपर्यंत पाहतात. ज्योत पेटली की रिमोट उचलतात आणि मग थेट समारोपालाच टीव्ही लावतात. मधल्या दिवसांत कोण धावलं, कोणी पदक मारलं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

"पळणं तर कुत्र्यालेही येते, भाऊ," ते मला म्हणाले होते. "रांगेत चालणं पाहा. ते माणसालेच जमते."

काका रेल्वेत गार्ड होते. नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली, त्यामुळे संचलनात यजमान देश सगळ्यांच्या मागून येतो ही गोष्ट त्यांना मनापासून पटलेली. स्वतःच्या लेकीच्या लग्नातही ते शेवटच्या पंगतीनंतर जेवले, तेव्हा फक्त भात उरला होता.

त्यांच्यासोबत संचलन पाहणं ही शिक्षाच. मोठ्या देशांचे ताफे आले की काका आरामात चहा पितात. पण एखाद्या बेटाचा एकुलता एक खेळाडू झेंडा घेऊन आला, की ताडकन उभे राहून टाळ्या वाजवतात.

"उठा न भाऊ! एकटं पोट्टं येऊन राहिलं एवढ्या दुरून. कोणी तर वाजवा!"

मी काही उठत नाही. मला थाटमाटाचा जन्मजात कंटाळा. एकमेकांना हरवायला जमलेली माणसं आधी तासभर आपण भाऊ-भाऊ असल्याचं सांगतात, लग्नातल्या व्याह्यांसारखं, असं मी एकदा ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "मग काय लोक लग्न करत नाही?"

त्यांचं एकच वागणं कुणाला समजत नसे. काकू गेल्यापासून त्यांनी एक रात्रही रायपूर सोडलं नव्हतं. लेक मंजू पुण्याला. ती दर रविवारी फोनवर बोलवायची आणि हे कधी पुण्याचं पाणी जड म्हणत, कधी तिथली हवा. यंदा मंजूला दिवस गेले. तिच्या घरात दुसरं मोठं माणूस नाही. "बाबा, आता तरी या," ती म्हणायची आणि काका म्हणायचे, "पाहतो."

"पाहतो काय? असा कसा बाप!" माझी बायको चिडायची.

अशातच हिवाळ्यात कॉलोनीचे खेळ आले. लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत, एवढाच कार्यक्रम. पण काकांनी मशालीचा हट्ट धरला. स्टीलचा पेला, त्याखाली पाइपाचा तुकडा, अशी मशाल ते घरून पेटवूनच घेऊन निघाले. पाण्याच्या टाकीपाशी वारा आला आणि ती विझली. आमचे सचिव वर्माजी तत्पर माणूस. त्यांनी खिशातून लायटर काढला आणि मशाल पेटवली.

"लो काका, हो गया. चलिए."

"नहीं हुआ. ये दूसरी है, वर्माजी."

"अरे, आग तो आग है!"

"आपके लड़के की जगह दूसरा लड़का बिठा दूँ, चलेगा?"

आणि काकांनी फुंकर मारून ती विझवली. प्रमुख पाहुणे गळ्यात हार घालून ताटकळले. काका मशाल घेऊन घराकडे वळले आणि त्यांना समजवायला मला पाठवण्यात आलं.

"तिकडं ऑलिंपिकात कसं करते माहीत आहे?" चालता चालता ते मलाच समजावू लागले. "मशाल इझते कधी कधी. काहून नाही इझणार, वारा आहे. पण मूळ ज्योत येगळ्या कंदिलात सांभाळून ठेवते. मशाल पुन्हा लावाची तर त्याच्यावरूनच. आगपेटीनं नाही."

त्यांच्या स्वयंपाकघरात, देवांच्या फळीखाली, गार्डचा जुना हातकंदील जळत होता. काच लख्ख. वरच्या देवांवर मात्र शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ.

"काका, तुम्ही तर देव मानत नाही."

"देवाचं कोण बोललं?" त्यांनी मशाल कंदिलापाशी नेली. "तुमच्या काकूनं संध्याकाळी दिवा लावला आणि रात्रीच गेली. सकाळी सगळे रडून राहिले होते. मी पाहिलं, तेल संपत आलं, पण दिवा चालूच. मग याच्यात लावून घेतला. हे तिच्या हातचं आहे, भाऊ. मी फक्त रॉकेल टाकतो."

"आणि कधी टाकायला कोणी नसलं तर?"

"म्हणून तर कुठं जात नाही न."

पुण्याचं पाणी का जड होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"आमच्याकडे ठेवा," मी म्हणालो.

काकांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही? तुम्ही तर टाळ्याही वाजवत नाही."

मशाल पेटली, शर्यती झाल्या, लिंबं पडली.

आणि एका सकाळी ते दारात उभे. इस्त्रीचा सदरा, खांद्याला बॅग, हातात जळता कंदील.

"वहिनी, तुम्हीही या. उभे राहा दोघं." आम्ही उभे राहिलो. "समारोपाले जुना यजमान झेंडा फडकवते, मग पुढच्याच्या हातात देते. आपण फडकवाचं नाही. इझून जाईल."

त्यांनी दोन्ही हातांनी कंदील पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. त्यांचे हात सुटायला थोडा वेळ लागला.

"रॉकेल भरताना ज्योत आधी पणतीत काढून घ्या. आणि काच रोज पुसा. ती अंधारात स्वयंपाक करत नव्हती."

मग ते वळले. गल्लीच्या टोकाला ऑटो उभा होता. खांद्यावरची बॅग सावरत काका पाठ ताठ ठेवून एकटेच चालत निघाले. एवढ्या दूर. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"वाजव ना," मी बायकोला म्हणालो. "कोणी तर वाजवा."