हाडं वेचायची हायेत

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात, मिरजगावच्या भर बाजारात तात्या शिंप्याने गणपा कुंभाराला सुनावलं, "मला तुझ्यासंगं हाडं वेचायची हायेत!" पंधरवड्यात गणपा वारला. गावाने तात्याशी बोलणं टाकलं.

वाक्य मूळचं तात्याचं नव्हे. लढाईत तो नगरच्या छावणीत गणवेश शिवायला होता. एका गोऱ्या साहेबाची विजार आखूड झाली. साहेब तापून इंग्रजीत काही म्हणाला. कारकुनाने शब्दाला शब्द लावून सांगितलं, "साहेबाला तुझ्याबरोबर हाड वेचायचंय." तात्याला वाटलं, मटणाचं आवतन. तो हात धुऊन गेला आणि शिव्या खाऊन आला.

गावी परतल्यावर त्याने ते वाक्य हत्यारासारखं वापरलं. काज सैल म्हणणारं गिऱ्हाईक असो की वाटेत आडवा आलेला बैल, तात्याला सगळ्यांबरोबर हाडं वेचायची असत. आमच्याकडे हाडं वेचतात ती मयताच्या तिसऱ्या दिवशी, सरणाच्या राखेतून. बायका कानांवर हात ठेवत.

मी त्याचा शेजारी, थोडं इंग्रजी शिकलेला. एकदा समजावलं, "तात्या, त्याचा अर्थ एवढाच की तक्रार आहे, समोरासमोर बोलून टाकू."

तात्याने कात्री आपटली. "मंग? मी काय पाठीमागं बोलतो व्हय?"

गणपाशी त्याचं रोज वाजे. गणपाची शेळी दुकानात शिरून कापड खाई.

"गनप्या, तुझ्या शेळीनं पाटलाची बाही खाल्ली!"

"बरं झालं. न्हाईतरी वाकडीच शिवली हुती."

बाजारातलं भांडण त्याच बाहीचं.

गणपा एकटा होता. मुलगा पलटणीत, अजून परतलेला नव्हता. अग्नी गावाने दिला. हाडं कोण वेचणार, ते ठरेना. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे स्मशानात गेलो, तर तात्या आधीच राखेपाशी बसलेला. मांडीवर कोऱ्या मांजरपाटाची पिशवी.

कोंडीबा लोहार हात उगारून धावला. "तुझ्या तोंडानं गेला त्यो! आता तरी सोड की त्याला!"

तात्याने मान वर केली नाही. "मी सांगितलं हुतं त्याला," तो म्हणाला. "वेचायची हायेत म्हनून."

कोंडीबाचा हात खाली आला.

तात्याने राखेवर पाणी शिंपडलं, हाडं वेचली, पिशवीचं तोंड दुहेरी दोऱ्याने शिवलं.

मुलगा पलटणीतून आला तेव्हा पिशवी पिंपळाला टांगलेली होती, आणि गणपाची शेळी तात्याच्या मशीनला बांधलेली.