मैनाबाईची छबी सदऱ्यावर चढली त्याची हकिकत

श्रीविश्वकर्म्यास दंडवत घालून आणि कष्ट केल्या हातांस स्मरून वर्तमान लिहिलें ऐसें कीं, शके १९४५, शोभकृत् नाम संवत्सरीं, एका राज्यांत मैनाबाई चितारीण नांदत होती. तिनें ट्रान्स्फरचा कागद पैदा केला. त्यावर चित्र उलटें छापावें आणि कागद पालथा कापडावर ठेवून वरून कडक इस्त्री दाबावी, मग कागद सोलावा, म्हणजे चित्र सुलटें होऊन कापडास चिकटून राहे. उत्सव जवळ आला तेव्हां सरकारस्वारीची आज्ञा जाहली कीं, रयतेनें आमची घोड्यावरील छबी छातीवर मिरवावी. मग मैनाबाईनें स्वहस्तें छबी काढिली, उजव्या हातीं तरवार दिली आणि खालीं आपलें नांव घातलें. आजवर तिचीं चित्रें दुसऱ्यांच्या नांवें खपलीं होतीं. एवढ्या एका चित्रावर तरी आपलें नांव राहावें, हाच तिचा हट्ट होता.

त्या राज्याची चाल ऐसी कीं, कागद पाहून शिक्का करावा, वस्तू कोणी पाहूं नये. कारभारी त्रिंबकराव यांणीं उलटा कागद पाहिला आणि डोळे वटारले. "सरकारांची तरवार डाव्या हातीं? आणि खालीं हें चेटूक कसलें?"

"चेटूक नव्हे जी, माझें नांव आहे. कागद पालथा पडला कीं सगळें सुलटें होतें."

"सरकारांस पालथें पाडतेस, वर इस्त्री फिरवतेस, आणि तोंड वर करून सांगतेस?"

मैनाबाईनें परोपरीनें विनविलें, एका फडक्यावर करून दाखवितें म्हणाली, परंतु कारभारी ऐकतात कशाला! त्यांणीं कागदावर सुलटें छापविलें आणि शिक्का केला आणि सारे सदरे दाबून काढविले. मग कागद सोलले तों तरवार डाव्या हातीं आणि नांवाचीं अक्षरें उलटीं. कारभाऱ्यांची पांचावर धारण बसली. सरकारस्वारीनें सदरा हातीं घेतला आणि मुद्रा प्रसन्न जाहली.

"वाहवा! रोज आरशांत दिसतों तैसेच हुबेहूब! आजवर सगळ्या चिताऱ्यांनीं आमचें तोंड बिघडविलें. हें खालीं काय?"

"नक्षी, महाराज," कारभारी बोलिले. "सेवकानेंच सुचविली."

मग कारभाऱ्यांस शालजोडी पावली. मैनाबाई तेथेंच उभी होती, तिच्या तळपायाची आग मस्तकास गेली, परंतु तोंड उघडतें तों हुजऱ्यांनीं तिला मागें सारिलें. उत्सवास सारी रयत तिचें नांव छातीवर घेऊन हिंडली आणि एकासही तें वाचतां आलें नाहीं. तेव्हां तिनें घरीं एक सदरा बरोबर केला आणि अंगांत घालून चौकांत उभी राहिली. शिपायांनीं धरिलें. सरकारांची छबी विपरीत केली आणि राजनक्षी पुसून तेथें आपलें नांव लिहिलें, ऐसा गुन्हा शाबीत जाहला. मग सदरा जाळिला, इस्त्री जप्त केली आणि तिला सरहद्दीपार घातलें.

येणेंप्रमाणें घडलें. छबी त्या राज्यांत अद्याप चालते. कोणी काढिली म्हणून पुसलें असतां लोक त्रिंबकरावांचें नांव सांगतात.