सालपटांचा कट

शेल्फवरची बाटली जागेवर नव्हती. स्वरूपानं सगळी फडताळं उघडून बघितली.

ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सॉसच्या कारखान्यानं टाकून दिलेली टोमॅटोची सालपटं तिनं अनगोळच्या घराच्या गच्चीवर वाळवली होती आणि तीन आठवडे खपून त्यांतला लाल रंग गोडेतेलात उतरवला होता. उद्या बंगळूरच्या मसाला कंपनीचे साहेब तो बघायला कॉलेजात येणार होते.

"आत्या, इथलं लाल तेल?"

सासूबाई, बायाक्का, मटणाचा रस्सा ढवळत होत्या. "ते व्हय? तिखट बेतानं घातलं, तर रश्श्याला रंगच येईना. ओतलं की! बघ कसा कट आलाय."

"सगळं?"

"निपाणीचं पाव्हणं बसल्यात भाईर. हात कशाला आखडायचा?"

पाहुणे नणंदेला, नीलमला बघायला आले होते. ताटं वाढली गेली. मुलाच्या वडिलांची, आण्णाप्पांची, लालभडक वाटी त्यांच्या बायकोनं, मंगलनं, लांब सरकवली. "डॉक्टरनं तिखट बंद केलंय न्हवं?"

तिची नजर चुकवून आण्णाप्पांनी भाकरी बुडवली, डोळे मिटले आणि ठसक्याची वाट बघितली. ठसका आलाच नाही.

"मंगल, रंग जाळाचा, पर तिखट न्हायच गं!" तिसऱ्या वाटीला त्यांचे डोळे भरून आले. "कुणी केला ह्यो रस्सा?"

"आमच्या नीलमनं," बायाक्कांनी ठोकून दिलं.

नीलम बँकेत नोकरीला होती. चहा ठेवला तरी दूध उतू घालवायची. "न्हाय हं. रस्सा आईचा, रंग वहिनीचा. कारखान्यातल्या टाकाऊ सालपटांचा."

"टाकाऊ?" मंगलचा घास ताटात पडला. बायाक्कांनी पदर तोंडाला लावला.

स्वरूपा पुढं झाली. "काकू, टोमॅटो धुऊन मगच सोलत्यात. साल ताजी असती, आन रंग जास्त सालीतच. ती साल आन गोडेतेल, दुसरं काय न्हाय त्यात."

मंगलनं वाटी हुंगली, एक घोट घेतला, मग दुसरा. "खरं बोलणारी सून चालंल मला," ती नीलमला म्हणाली. "पर ह्यांना चौथी वाटी देऊ नगा."

निघताना आण्णाप्पा स्वरूपाजवळ रेंगाळले. "पोरी, एक बाटली मिळंल?"

"कुठली, आण्णा? सगळी रश्श्यात गेली. उद्या साहेबांना काय दाखवू, तेच कळंना झालंय."

साहेब कुठं आणि किती वाजता येणार, ते आण्णाप्पांनी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नमुना मागितला, तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात निपाणीहून पहिली बस धरून आलेले आण्णाप्पा उभे होते. पांढरी टोपी नीट करत ते स्टुलावर बसले.

"तीन वाट्या आत हायत्या," ते म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."