मेश्राम सरांचा चिंचोक्यांचा बाजार

आमच्या मेश्राम सरांना विसातून बारा वजा करायला पाऊण तास लागतो. हसू नका, मी घड्याळ लावून पाहिलंय. आंजीजवळच्या एका लहानशा गावातली आमची शाळा दोघांची. तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकपणाची कटकट माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. मधली भिंत पातळ. इकडे माझे भागाकार चाललेले असतात आणि पलीकडून सरांचा आवाज तरंगत येतो, "बेबीबाई वीस रुपये घेऊन बाजाराले निगाली. ऊन कसं होतं? कवळं. कपाशीच्या पऱ्हाटीतून वारा येऊन राह्यला होता..." माझी चौथीची पोरं पेन्सिल तोंडात धरून भिंतीकडे बघत बसतात. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

बेबीबाई वांग्यांपर्यंत पोचायच्या आधी वाटेत नाला लागतो. नाल्यात बगळा असतो. तो एका पायावर का उभा आहे, यावर वर्गात चर्चा होते. मग मी दारात जाऊन ओरडते, "सर, वजाबाकी राहिली!"

"होते ना, मॅडम," सर खिडकीबाहेर बघतच म्हणतात. "बाजार कुठं पळून चालला का?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एसटी चुकली, पगार लांबला, तरी हेच. स्वतः गावातच एक खोली घेऊन राहतात. घरची चौकशी केली की ढगांविषयी बोलायला लागतात, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं.

शनिवारी मात्र व्हरांड्यात खराच बाजार भरतो. सतरंजीवर खरी वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या, कुणाच्या तरी घरून आणलेला तराजू. एक चिंचोका म्हणजे एक रुपया. विकायला सर स्वतः बसतात आणि मुद्दाम फसवतात. "म्या बारा मांगतले, तू पंधरा देल्ले. आता काय करतं लेका?" पोरगं बोटं मोजतं, तीन चिंचोके वापस मागतं. सर तोंड वाकडं करून देतात आणि अख्खा बाजार खिदळतो. पहिलीतली बोटाएवढी पोरसुद्धा उरलेले मोजून घेतल्याशिवाय जागची हलत नाही.

या बाजाराचा नियम एकच. कोणाला पैसे कमी पडले तर मागे उभा असेल त्यानं घालायचे, आणि किती घातले ते मोठ्यानं सांगायचं. रिकामी थैली घेऊन कोणी जायचं नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "हे कोणत्या पुस्तकातलं गणित, सर?" ते म्हणाले, "पुस्तकात काऊन नाई, तेच समजत नाई मले."

या हिवाळ्यात नवे केंद्रप्रमुख आले. व्हरांडा बघून मला बजावून गेले, की दुसरीला तोंडी गणितं आली नाहीत तर हा तमाशा बंद. मी सरांना सांगितलं. त्या दिवशी काही ठेवणीतलं वाक्य आलं नाही.

"बाजार बंद झाला तर शनिवारी मी काय करू, मॅडम?"

पोरं काय करतील असं नाही, मी काय करू. मला तेव्हा ते विचित्रच वाटलं.

तपासणीच्या दिवशी केंद्रप्रमुख साहेबांनी दुसरीतल्या परीला उभं केलं. "तुझ्याजवळ आठ रुपये आहेत. वही दहाची. किती कमी पडतील?"

"कमी नाई पडत," परी म्हणाली.

"नीट ऐक, बेटा."

"दोन मी टाकले, सर!" मागून सोहम उठला.

"अरे, तुला कोणी विचारलं?"

"मंग आमी एक-एक टाकतो," आणखी दोघं उभी राहिली.

साहेबांनी पंधरा रुपये आणि अठराचा पेन असं करून पाहिलं, तर क्षणात तीन चिंचोके त्यांच्याच टेबलावर. हिशेब एकूणएक बरोबर, पण 'कमी' म्हणायला एक पोरगं तयार नाही! साहेबांनी उत्तर चूक धरलं. "उद्यापासून पुस्तक घ्या," म्हणाले. मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि तोंडानं "हो सर" म्हटलं. नोकरी आहे, बाबा.

पुढच्या शनिवारी भिंतीपलीकडून नुसतं, "दहा वजा चार?" "सहा!" "नऊ वजा पाच?" "चार!" अर्ध्या तासात पान संपलं. मग सगळं चिडीचूप. माझी पोरं एवढी मन लावून भागाकार करत होती, की मलाच उदास वाटायला लागलं.

मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बघते तर पोरांनी आपणच सतरंजी अंथरलेली. तराजूमागे परी. सुट्टीवर साहेबांचं राज्य थोडंच आहे? सर खांबाला टेकून उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातात मूठभर चिंचोके कोंबले. "सर, आज तुमी गिऱ्हाईक."

इतकी वर्षं विकणारा माणूस, घ्यायचं काय तेच सुचेना. वांग्यांवर ऊन पसरलं होतं. सर बघतच राहिले.

"एक वांगं दे," शेवटी म्हणाले.

"एकच?" परीनं विचारलं. "किती जणांले पुरलं पायजे?"

आता हे ढगांवर जाणार, असं मला वाटलं. पण पोरीला त्यांनी टाळलं नाही.

"मीच. मी एकटाच आहो, माय."

परीनं तराजूतलं वांगं उचलून बाजूला ठेवलं. "एकट्याची कुठं भाजी होते, सर? आज आमच्या घरी जेवाले येजा."

"उद्या आमच्या घरी!" सोहम ओरडला. मग तर सतरंजीवर भांडणच जुंपलं, सोमवार कोणाचा म्हणून. मला भरून आलं, लपवत नाही. सुट्टी केव्हाच संपली होती. घंटा माझ्याच हातात होती, मी दिली नाही.

सर खाली सतरंजीवर बसले, पोरांच्या रांगेत. परीकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "किती वाजता येऊ?"